कॅसिनो स्ट्रीमर व्हायचंय, एक वर्ष शिक्षण थांबवू का?

पत्र : मॅडम, मी २० वर्षांचा आहे, संख्याशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. दीड वर्षापूर्वी व्हिडिओ गेम खेळतानाचं स्ट्रीमिंग सुरू केलं, आज चॅनेलवर १,४०० जण आहेत. वर्षभरापासून रात्री कॅसिनोचे स्ट्रीम बघतो आणि स्वतःही स्लॉट, म्हणजे फिरत्या चाकांवरची चिन्हं जुळली की पैसे मिळतात तो खेळ, खेळतो. या सत्राच्या फीचे पैसे त्यात गेले. घरी फी भरली असं सांगितलंय. दोन मित्रांचेही उसने आहेत. पण आता एक संधी आली आहे. एका ऑनलाइन कॅसिनोच्या अफिलिएट मॅनेजरचा मेसेज आला : माझ्या नावाचा कोड, त्यावरून येणाऱ्यांच्या उत्पन्नात ४० टक्के वाटा, आणि स्ट्रीमवर खेळायला पैसे त्यांचेच. म्हणजे माझं काही जाणार नाही आणि आधीचं गेलेलंही भरून निघेल. एक वर्ष शिक्षण थांबवून पूर्णवेळ हेच करू का? मला व्यसन वगैरे नाही. ठरवलं की थांबू शकतो, आतापर्यंत तीनदा थांबलोही आहे.

उत्तर : शिक्षण थांबवू नकोस आणि तो करार करू नकोस. हे आधीच सांगून टाकते, कारण लवकर कळव म्हणून त्या मॅनेजरने तुझ्यामागे घाई लावली असणार. कारणं आता सावकाश सांगते.

४० टक्के कशाचे, ते त्या मेसेजात पुन्हा बघ. ‘उत्पन्न’ म्हणजे कॅसिनोचं निव्वळ उत्पन्न : तुझा कोड टाकून आलेल्या माणसांनी लावलेले पैसे, त्यातून त्यांना परत मिळालेले वजा. म्हणजे ती माणसं जेवढं हरतील, त्यातला हिस्सा. त्यांच्यातला एखादा मोठी रक्कम जिंकला तर त्या महिन्यात तुझा हिशोब उणे होतो, आणि पुष्कळ करारांत ते उणे पुढच्या महिन्यावर ओढलं जातं. याला आपल्याकडे साधा शब्द आहे, दलाली. दलालीत मुळात गैर काही नाही. घराचा दलाल असो की धान्याचा, घेणाऱ्याच्या हातात शेवटी घर किंवा धान्य पडतं. इथे घेणाऱ्याच्या हातात काही पडलं, तर तुझ्या हातात काही पडत नाही.

आणि पहिली गिऱ्हाइकं कोण असतील? तुझ्या चॅनेलवरची तीच १,४०० माणसं. वर्गातली मुलं, शाळेपासूनचे मित्र, कदाचित तुला पैसे उसने देणारे ते दोघंही. त्यांत अठराच्या आतले किती, हे चॅटमध्ये दिसत नाही. ते तुझ्यावर विश्वास ठेवून येतील, आणि कॅसिनो तुला पैसे मोजणार आहे ते त्या विश्वासाचेच. पत्रात तू या माणसांबद्दल एक शब्दही लिहिलेला नाहीस. तू वाईट मुलगा आहेस असं मला अजिबात वाटत नाही. गेलेलं भरून काढायच्या विचाराने तुझं सगळं डोकं व्यापलंय, तिथे दुसऱ्या कुणाला जागाच उरलेली नाही.

आता तू रात्री ज्यांना बघतोस त्यांच्याबद्दल. ट्रेनरेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्ट्रीमरने २०२२ मध्ये स्वतःच सांगितलं, की १६ महिन्यांत त्याला जुगाराच्या स्ट्रीमिंगसाठी ३६ कोटी डॉलर मिळाले. हे त्याला खेळाचे नव्हे, खेळ दाखवण्याचे मिळाले. अशा माणसाने एका रात्रीत दहा लाख घालवले तर तुला ते धाडस दिसतं. त्याच्या दृष्टीने तो दुकानाचा खर्च असतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका स्ट्रीमरने कॅमेऱ्यासमोर रडत कबूल केलं, की खोटी कारणं सांगून त्याने सहकाऱ्यांकडून आणि स्वतःच्या प्रेक्षकांकडून मोठ्या रकमा घेतल्या आणि त्या जुगारात घातल्या. त्यानंतर ट्विच या स्ट्रीमिंगच्या व्यासपीठाने स्टेक, रोलबिट, ड्युएलबिट्स आणि रूबेट या जुगाराच्या साइटची नावं घेऊन त्यांचे स्ट्रीम १८ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केले. मग वर्ष संपायच्या आत किक नावाचं नवं व्यासपीठ आलं, आणि त्याच्या मागे स्टेकचेच संस्थापक होते. दुकानही त्यांचं आणि दुकानासमोरचा चौकही त्यांचाच! अशा जागी तू कोड घेऊन उभा राहिलास, तर उद्या नियम बदलले की चॅनेल जातं आणि तुझ्या नावाला चिकटलेले व्हिडिओ मात्र राहतात. त्याआधी २०१६ मध्ये दोन नामवंत यूट्यूबर, स्वतःच्याच मालकीच्या जुगाराच्या साइटची जाहिरात मालकी लपवून करताना उघडे पडले होते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१७ मध्ये त्यांच्यावर जी कारवाई केली, तिची बातमी आजही त्यांचं नाव शोधलं की समोर येते.

तू संख्याशास्त्र शिकतोस, म्हणून पुढचं तुलाच करायला देते. स्लॉटवर ‘९६ टक्के परतावा’ लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, शंभरातले चार गेले तर गेले. पण ते चार प्रत्येक लावलेल्या शंभरामागे जातात, आणलेल्या शंभरामागे नव्हे. हातात १०० आहेत, प्रत्येक फेरीला १ लावतोस, तीन सेकंदांना एक फेरी. तासाला १,२०० फेऱ्या, म्हणजे १,२०० लावले. त्याचे ४ टक्के ४८. एका तासात सरासरी जवळजवळ निम्मे गेले, आणि तू तर रात्ररात्र बसतोस. ब्रिटनने २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटच्या दोन फेऱ्यांत किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं केलं आणि आपोआप फिरणाऱ्या फेऱ्यांवर बंदी घातली, ती याच वेगासाठी. बोनसचं गणितही करून बघ. १०० चा बोनस मिळाला, पण तो काढण्याआधी ३५ पट डाव लावायची अट आहे. म्हणजे ३,५०० लावायचे. त्यावरचा सरासरी तोटा १४०. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

मग स्ट्रीमवर ते मोठे जॅकपॉट कसे दिसतात? संगणकावर असे १,००० खेळाडू तयार कर, सगळ्यांना सारख्याच फेऱ्या दे, आणि शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त उरले तेवढ्याच एकाचा आलेख काढ. तो एक आलेख म्हणजे तुला रोज दिसणारी क्लिप. उरलेल्या ९९९ जणांची क्लिप कुणी बनवत नाही. हा अभ्यास खरोखर कर. नीट लिहून काढलास तर नोकरीच्या मुलाखतीत दाखवायलाही उपयोगी पडेल.

पण गणित कळलं म्हणून नाद सुटत नाही, हेही मला ठाऊक आहे. पूर्वी माझ्याकडे अशी मुलं आली की मी त्यांना वेळापत्रक करून द्यायची, ध्येय लिहायला लावायची. ती माझी चूक होती. ज्याला आजार आहे त्याच्या हातात मी वेळापत्रक देत होते. हा खेळ माणूस उठू नये म्हणूनच घडवलेला असतो. बक्षीस कितव्या फेरीला येईल याचा नेम नसला की सवय सगळ्यात घट्ट बसते, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून मानसशास्त्राला माहीत आहे. तीनपैकी दोन चिन्हं जुळून तिसरं जरासं हुकलं, तर तो सरळ सरळ पराभव असतो, पण मेंदूतली जिंकताना जागी होणारी यंत्रणा तेव्हाही जागी होते. १ लावून ०.४ परत आले तरी यंत्र घंटा वाजवतं, दिवे उधळतं. तू ०.६ हरलेला असतोस आणि कानावर विजय पडत असतो.

आता तुझ्या शेवटच्या ओळीकडे येते. ‘तीनदा थांबलोही आहे.’ थांबता येतं याचा पुरावा म्हणून तू ते लिहिलंस. पण जो एकदा थांबतो त्याला दुसऱ्यांदा थांबावं लागत नाही. जुगाराच्या विकाराची जी लक्षणं मनोविकारतज्ज्ञ तपासतात, त्यांत थांबण्याचे फसलेले प्रयत्न आहेत, गेलेले पैसे काढायला पुन्हा खेळणं आहे, घरच्यांशी खोटं बोलणं आहे, त्यापायी शिक्षण धोक्यात घालणं आहे. वर्षभरात अशी चार लक्षणं दिसली तर तो विकार मानला जातो. ही चारही तुझ्याच पत्रात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, जुगाराचा विकार व्यसनाधीन वर्तनाच्या गटात नोंदलेला आहे. निदान करणारी मी कोणी नव्हे, ते डॉक्टर करतील. पण त्यांच्याकडे जायलाच हवं, हे मी ठामपणे सांगते. विचारांच्या सवयींवर काम करणारी उपचारपद्धती यात उपयोगी पडते आणि तुझ्या वयाची मुलं यातून बाहेर येतात.

एक गोष्ट स्पष्ट विचारते. पैशांच्या काळजीने झोप लागत नाही अशा रात्री जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का? येत असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेव आणि आत्ता, हे वाचता वाचता, घरातल्या कुणाला तरी उठवून सांग किंवा जवळच्या रुग्णालयात जा. फी आणि उधारी फेडायला पुष्कळ दिवस आहेत.

घरी सांगायचं तर अर्धवट सांगू नकोस. अर्धं कबूल करणाऱ्याला उरलेलं अर्धं लपवण्यासाठी पुन्हा डाव लावावासा वाटतो. एका कागदावर सगळं लिही : फी किती, कुणाकडून किती उसने, कोणत्या ॲपवरून काही कर्ज घेतलं असेल तर तेही. मग आई, वडील, ज्यांच्याशी बोलणं तुला जास्त सोपं जातं त्यांच्यापुढे तो कागद ठेव. रागावतील, रडतीलही. तेव्हा सबबी सांगू नकोस आणि शपथाही घेऊ नकोस. त्यांना एवढंच माग, की काही महिने माझं बँक खातं आणि कार्ड तुमच्या ताब्यात ठेवा, आणि देणी माझ्या हातात पैसे न देता थेट ज्याची त्याला चुकती करा. जिथे जिथे खेळतोस तिथे खातं कायमचं बंद करण्याची विनंती पाठव, फोनवर जुगाराच्या साइट अडवणारं ॲप टाक आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्याला ठरवू दे. आणि बघणंही बंद. तुला वाटेल, नुसतं बघायला काय जातं? तुझा प्रत्येक डाव कुठलातरी स्ट्रीम बघूनच सुरू झाला असेल, आठवून बघ. ते चॅट ग्रुपही सोड. तिथली माणसं एकदम दुरावतील आणि काही दिवस फार एकटं वाटेल. त्याची तयारी ठेव, आणि त्या वेळेला घरात एकटा बसू नकोस.

कॉलेजचं त्यामानाने सोपं आहे. विभागप्रमुखांना भेट, फी वेळेत भरता आली नाही हे सांग आणि मुदत किंवा हप्ते माग. कारण आरोग्याचं आहे एवढं सांगितलंस तरी चालेल. पुढे डॉक्टरांनीच काही महिने विश्रांती घे म्हटलं, तर ती वैद्यकीय रजा म्हणून घे. ते शिक्षण सोडणं नव्हे.

आणि करिअर. तुझ्याकडे खरंच काही आहे, म्हणून हे मनापासून लिहिते. दीड वर्ष कॅमेऱ्यासमोर बोलत राहणं, आवाज, दृश्य, चॅट एकाच वेळी सांभाळणं, काही बिघडलं तर कार्यक्रम न थांबवता दुरुस्त करणं हे थेट प्रक्षेपणाचं काम आहे. क्रीडास्पर्धा, शैक्षणिक वर्ग, परिषदा, सगळ्यांना अशी माणसं लागतात. सुट्टीत अशा एखाद्या चमूबरोबर सहायक म्हणून काम कर, पैसे थोडे का असेनात, पण ठरलेल्या तारखेला मिळणारे. संख्याशास्त्राची वाट तर त्याहून रुंद आहे. विमा कंपन्यांत जोखमीचं गणित करणारे ॲक्च्युअरी, औषधांच्या चाचण्यांतले जैवसंख्याशास्त्रज्ञ, बँकांत फसवणूक ओळखणारे विश्लेषक. संभाव्यता हाच या सगळ्यांचा रोजचा विषय. ॲक्च्युअरीच्या परीक्षा दीर्घ असतात, पण पदवी करता करता सुरू करता येतात. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी त्यासाठी योग्य वेळेवर आहे.

शेअर बाजारातल्या झटपट सौद्यांचं काम मात्र निदान काही वर्षं नको, कुणी कितीही हुशारीचं म्हणून सांगितलं तरी. हात तोच, बोटाखालचं बटण तेवढं वेगळं. चॅनेलही तूर्त बंद ठेव. उपचार सुरू होऊन काही महिने गेले की गेमचं चॅनेल पुन्हा उघडायचं का, हे तुझ्या डॉक्टरांशी बोलून ठरवू.

मॅनेजरला लांबलचक कारणं देऊ नकोस. ‘मला हे करायचं नाही’ एवढं लिही आणि नंबर ब्लॉक कर, कारण तो जास्त टक्के घेऊन परत येईल. तो कागद लिहून झाला आणि घरी बोलणं झालं, की मला दोन ओळी पाठव. मुदतीच्या अर्जाचा मसुदा आपण दोघं मिळून करू.