सोनेरी घड्याळ घेतोयस? आधी मागचं झाकण वाच

भावा, हजारभराच्या घड्याळावरचा सोनेरी मुलामा बहुतेक वेळा १ मायक्रॉनसुद्धा (मिलिमीटरचा हजारावा भाग) नसतो. विट्याचा गलाईवालाही (सोनं गाळून शुद्ध करणारा कारागीर) त्यातून काही काढू शकणार नाही! रंग उडणारच, प्रश्न कधी एवढाच.

नवखे फसतात ते 'स्टेनलेस स्टील बॅक' वाचून. स्टील फक्त झाकणाचं. बाकी केस (घड्याळाची बॉडी) पितळेची नाहीतर जस्ताच्या मिश्रधातूची. पूर्ण स्टीलवर पीव्हीडी (निर्वात यंत्रात वाफेतून चढवलेला पातळ थर) असेल तर बिनधास्त घे, तो थर कडक असतो.

आणखी दोन चुका:
- घड्याळ घातल्यावर अत्तर मारणं
- टूथपेस्टने घासणं. माझ्या पहिल्या घड्याळाचे कोपरे असेच एका दिवाळीत पांढरे पडले.

सांगलीचा उन्हाळा तुला माहितीये. रोज संध्याकाळी घाम पुसून मगच डबीत ठेव.