बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळातला बॉब फर्ग्युसन खेळाडू म्हणून मोठा होता की मॅनेजर म्हणून, म्हणजे संघाची सूत्रं हाताळणारा प्रशिक्षक म्हणून?

खेळाडू म्हणूनच, असं माझं ठाम मत आहे. मॅनेजर म्हणून त्याला एकही विजेतेपद मिळालं नाही. तरी एकामागून एक संघ त्याच्याच हाती का दिले गेले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

फर्ग्युसन 1845 साली ब्रुकलिनमध्ये जन्मला. क्षेत्ररक्षणात तो मुख्यतः थर्ड बेसवर, म्हणजे मैदानावरच्या चार टप्प्यांपैकी तिसऱ्यापाशी खेळायचा, पुढे सेकंड बेसवर. त्याचा खेळ समजायला 14 जून 1870 चा एक सामना पुरेसा आहे. सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी खेळाडू घेऊन उतरलेला पहिला संघ, आणि त्याला आदल्या वर्षापासून कुणी हरवलं नव्हतं. फर्ग्युसन ब्रुकलिन अटलांटिक्सचा कर्णधार. नऊ डावांनंतर 5-5. बरोबरी त्याला चालणार होती, पण सिनसिनाटीने खेळ पुढे चालू ठेवायला लावला आणि अकराव्या डावात दोन धावांची आघाडी घेतली. मग फर्ग्युसन एरवीसारखा उजव्या हाताने न खेळता डावखुरा उभा राहिला. शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे, सिनसिनाटीचा जॉर्ज राइट होता, आणि त्याच्याकडे चेंडू जाणं म्हणजे बाद होणंच; डावखुऱ्याचा फटका सहसा दुसऱ्या बाजूला जातो. फर्ग्युसनच्या फटक्यावर बरोबरी झाली, विजयी धावही त्यानेच काढली. 8-7! दोन्ही हातांनी फलंदाजी करणाऱ्यांत पहिलं नाव त्याचं घेतात ते यामुळेच.

त्या काळी सट्टेबाज मैदानावर राजरोस वावरत आणि पैसे घेऊन सामने सोडले जात. अशा वेळी फर्ग्युसनच्या सचोटीवर लोकांचा एवढा विश्वास होता, की 1872 मध्ये तो खेळत असतानाच त्याला नॅशनल असोसिएशन या व्यावसायिक लीगचा अध्यक्ष केलं. संघ त्याच्या हाती जात राहिले ते मला वाटतं याच विश्वासामुळे. पण स्वभाव भयंकर तापट. 1873 मध्ये पंच म्हणून उभा असताना नॅट हिक्स या कॅचरशी (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूशी) त्याचं भांडण झालं, तेव्हा त्याने बॅट हाणून हिक्सचा हातच मोडला. अध्यक्ष असताना! हिक्सने तक्रार केली नाही, हा त्याचा मोठेपणा.

मॅनेजर म्हणून हाच स्वभाव आडवा आला. त्याच्या हार्टफर्ड संघाने 1876 मध्ये 47 सामने जिंकले, 21 हरले. ही चांगली कामगिरी. शिकागोत 1878 मध्ये 30 विजय, 30 पराभव. त्याला माणसं युक्तीने नव्हे, फक्त जोरजबरदस्तीने हाताळता येत, असं पुढे शिकागो क्लबच्या अल्बर्ट स्पाल्डिंगने लिहिलं, आणि ते मला पटतं. ट्रॉय संघात रॉजर कॉनर, बक यूइंग, टिम कीफ, मिकी वेल्च असे पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेलेले खेळाडू कोवळ्या वयात त्याच्या हाताखाली होते, तरी संघ वर आला नाही. 1883 मध्ये फिलाडेल्फियाच्या नव्या संघाने तर 17 सामन्यांनंतरच त्याच्याकडून सूत्रं काढून घेतली.

1887 नंतर तो पूर्णपणे पंचगिरीकडे वळला. एकदा दिलेला निर्णय तो बदलत नसे. 1894 मध्ये, वयाच्या 49 व्या वर्षी, ब्रुकलिनमध्येच वारला. मला विचाराल तर पंचगिरी हेच त्याच्या स्वभावाला साजेसं काम होतं: तिथे कुणाची मनं सांभाळावी लागत नव्हती, आणि त्याला विकत घेणं कुणाला शक्य नव्हतं.