पळणारा खुनी आणि मागावर पोलीस, अशी एकच कादंबरी वाचायची तर कुठली वाचावी?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की अशा कादंबऱ्यांत शेवटी खुनी पकडला जाणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं, मग कशाला वाचायचं. म्हणून मुद्दाम अशीच कादंबरी सांगतो जिचा शेवट सगळ्या जगाला आधीच माहीत होता. फ्रेडरिक फोर्सिथची द डे ऑफ द जॅकल. १९७१ ची आहे, मी पंधरा वर्षांपूर्वी फुटपाथवर सेकंडहँड घेतली आणि आत्तापर्यंत चार वेळा वाचली.

गोष्ट १९६३ च्या फ्रान्समधली. प्रेसिडेंट द गॉलनं अल्जीरियाला स्वातंत्र्य दिलं म्हणून लष्करातले काही कडवे लोक त्याच्या जिवावर उठलेले, त्यांची ओएएस नावाची गुप्त संघटना. ऑगस्ट १९६२ मध्ये पॅरिसजवळ पेती क्लामारला त्याच्या गाडीवर खरंच गोळीबार झाला होता, टायर फुटले तरी गाडी निसटली, आणि कट करणाऱ्या बास्तियां-तिरी नावाच्या अधिकाऱ्याला मार्च १९६३ मध्ये गोळ्या घालून मृत्युदंड दिला. इथपर्यंत सगळा खरा इतिहास आणि कादंबरी इथूनच सुरू होते. आता ओएएसमध्ये जागोजागी पोलिसांचे खबरी घुसलेत, प्रत्येक माणसाची फाईल सरकारकडे आहे, म्हणून ते बाहेरचा माणूस आणतात. एक इंग्रज, धंदेवाईक मारेकरी, पाच लाख डॉलर फी आणि टोपणनाव जॅकल.

आणि द गॉल १९७० साली घरीच वारला हे पुस्तक आलं तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे हा बेत फसणार हे नक्कीच. तरी हातातून पुस्तक खाली ठेववत नाही, कारण प्रश्न काय होणार हा नसतोच, कसं होणार हा असतो. एका बाजूनं एक माणूस बेत रचत चाललाय आणि दुसऱ्या बाजूनं दुसरा माणूस तो बेत उसवत चाललाय.

तो दुसरा माणूस म्हणजे फ्रेंच पोलीस अधिकारी, कमिसार क्लोद लेबेल. माझ्यासाठी ही कादंबरी त्याचीच आहे, जॅकलची नाही, भले नाव जॅकलचं असो. बुटका, शांत, घरी बायकोची बोलणी खाणारा, मंत्र्यांच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसवलेला. त्याच्याकडे काय आहे तर काहीच नाही. नाव नाही, फोटो नाही, फिंगरप्रिंट नाही, आणि शोधायचा तो गुन्हा अजून घडलेलाच नाही. वर द गॉलचा हुकूम की बोभाटा नको, पेपरात काही येता कामा नये. मग हा माणूस करतो काय तर ऑफिसात कॅम्प कॉट टाकून झोपतो आणि सात देशांच्या पोलिसांतल्या आपल्यासारख्याच माणसांना स्वतः फोन लावतो, की बाबा तुमच्याकडे असा कोणी आहे का.

मला हा भाग इतका का भिडतो तर माझे मामा पोलीस खात्यात हवालदार होते, त्यातली बरीच वर्षं ठाण्यात रायटर, म्हणजे नोंदी लिहिणारे. पिक्चरमधले पोलीस बघून ते उठून जायचे. ते सांगायचे, फरारी आरोपी पिस्तुलानं सापडत नाही, रजिस्टरनं सापडतो. रात्री लॉजची रजिस्टरं तपासायची, कोण कुठून आला, सही कशी केली, गाडीचा नंबर काय. महिनोन् महिने काही मिळत नाही आणि एक दिवस एका ओळीवर बोट थांबतं. कादंबरीत डिट्टो हेच आहे! फ्रान्समध्ये तेव्हा हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येकाला कार्ड भरावं लागायचं आणि पोलीस ती कार्डं गोळा करून तपासायचे. जॅकल एका गावातल्या हॉटेलातून निघतो आणि लेबेल तिथं पोचतो तेव्हा काही तासच झालेले असतात. ते काही तास वाचताना माझा जीव अक्षरशः टांगणीला लागला होता.

पासपोर्टचा भाग तर बघाच. जॅकल गावोगावच्या दफनभूमीत फिरून लहानपणीच वारलेल्या एका मुलाचं नाव शोधतो, त्याच्या नावाचा जन्मदाखला काढतो आणि त्यावर खराखुरा पासपोर्ट मिळवतो. ही पळवाट ब्रिटनमध्ये खरंच होती आणि पुस्तक आल्यावरसुद्धा कित्येक वर्षं लोक ती वापरत राहिले. आता लंडनच्या पोलिसांना ती उसवायची तर काय करावं लागतं, पासपोर्टचे हजारो अर्ज एकेक करून मृत्यूच्या नोंदींशी ताडून बघायचे, दुसरा रस्ता नाही. फोर्सिथ आधी पत्रकार होता, रॉयटर्सतर्फे पॅरिसलाच होता, त्यामुळे कुठलं ऑफिस कुठल्या खात्याकडे काय पाठवतं हे तो असं लिहितो की ही कादंबरी आहे हेच विसरायला होतं. पहिला ड्राफ्ट त्यानं पस्तीस दिवसांत लिहिला आणि आधी बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवला. द गॉल मेला नाही हे लोकांना माहीत आहे मग वाचणार कोण, हीच शंका, म्हणजे तुमचीच!

एक प्रसंग सांगतो, कोणाचं काय ते सांगत नाही. मंत्री आणि बडे अधिकारी रोज रात्री मीटिंगला बसतात आणि तरी जॅकलला पोलिसांची खबर आधीच लागत राहते. म्हणजे फितुरी त्या टेबलाभोवतीच्या कोणाकडून तरी होतेय. लेबेल एक दिवस येऊन सगळ्यांसमोर टेप लावतो. नंतर त्याला विचारतात की कोणाचा फोन टॅप करायचा हे तुला कसं कळलं, तर तो सांगतो की कळलं नव्हतं म्हणून सगळ्यांचेच केले. खोलीत बसलेल्या मंत्र्यांसकट! आवाज न चढवता सांगतो. असा अधिकारी मी दुसऱ्या कुठल्या थ्रिलरमध्ये पाहिला नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर मधुकर झेंडे. मार्च १९८६ मध्ये सीरियल किलर चार्ल्स शोभराज तिहारमधून पळाला आणि एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांच्या झेंड्यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो रेस्टॉरंटमध्ये धरला. त्यातही पाठलाग थोडा आणि वाट बघणंच जास्त. मामा हा किस्सा दरवर्षी गणपतीत सांगायचे.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीचा भाग संथ आहे, ओएएसची नावं, हुद्दे, खाती यांची गर्दी होते आणि पोलिसांचा पाठलाग दुसऱ्या भागात सुरू होतो, त्या भागाचं नावच ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मॅनहंट’ आहे. तोपर्यंत सोडू नका. आणि बायका या कादंबरीत जवळजवळ वापरून टाकायला आहेत, जॅकलच्या तावडीत सापडणारी एक बॅरोनेस आहे तिचं तर मला फार वाईट वाटलं, लेखकाला तिच्याबद्दल तेवढं वाटलं नसावं असं माझं मत.

मामांना इंग्रजी पुस्तक वाचायची सवय नव्हती, म्हणून त्यांच्या रिटायरमेंटनंतर एका उन्हाळ्यात मी रोज जेवण झाल्यावर त्यांना गच्चीवर ही गोष्ट सांगायचो, एका रात्री थोडी थोडी. मध्ये एक जागा आहे, जॅकलचं नाव आणि वर्णन हाती लागतं, आता उघड शोध घेता येणार, आणि तेव्हा मंत्री लेबेलला सांगतात, आभारी आहोत, तुमचं काम झालं, आता बाकीचं आम्ही बघू. मी तिथं थांबलो, उद्या पुढचं सांगतो म्हटलं. मामा अंथरुणावर उठून बसले. म्हणाले, त्याला परत बोलावतात की नाही एवढं सांग आणि मग झोप. मी सांगितलं, पण मग त्यांना पुढचं पण हवं होतं आणि त्याच्या पुढचं पण, आणि कादंबरीचा शेवट जिथं होतो त्या २५ ऑगस्टच्या चौकात आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते.