गुलमोहरावरची अळंबी आणि आतला बारका भुंगेरा: तुमचे प्रश्न

कोथरूडहून एका काकांचा प्रश्न: सोसायटीतल्या गुलमोहराच्या बुंध्याला लाकडासारखी कडक छत्री आलीय, खालून बारीक भोकं आणि तपकिरी भुसा गळतोय, आत मोहरीएवढे किडे. औषध मारू का?

काका, अजिबात नका मारू! वर्णनावरून हा सिस प्रजातीतला नाहीतर तिच्या भावकीतला भुंगेरा वाटतोय, आणि तो झाडाला तोंडसुद्धा लावत नाही, झाड खातेय ती अळंबी आणि अळंबीला खातोय हा. बाहेर दिसणारी छत्री म्हणजे नुसतं फळ, खरी बुरशी आत लाकडात पसरलेली असते आणि छत्री दिसायला लागली म्हणजे आतली कुज बरीच जुनी असते, त्यामुळे किड्याचं सोडा, वळवाच्या वाऱ्यात झाड टिकेल का ते आधी बघा. बुंध्यावर ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर लगेच महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्या. परस्पर तोडू मात्र नका, १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते.

सहकारनगरहून एक ताई: हे फर्निचरला लागतील का? चावतात का?

दोन्ही नाही. कपाटातून पिठासारखी पावडर पडते तो लाकूड पोखरणारा किडा वेगळा. फक्त घरात वाळवलेली अळंबी ठेवली असेल तर त्यात हे होऊ शकतात, पिशवीत घट्ट बांधून आठ-दहा दिवस फ्रीजरमध्ये ठेवा.

तळजाईला रोज फिरायला जाणारी एक आई: मुलगी सातवीत आहे, या किड्यांना शिंगं असतात म्हणते, खरंय?

खरंय, आणि मला तर हाच प्रश्न सगळ्यात आवडला! बऱ्याच जातींत नराच्या डोक्यावर किंवा पाठीच्या पुढच्या कडेला छोटी शिंगं असतात, मादीला नसतात. सिस हे नाव लात्रेय या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने १७९६ मध्ये दिलं, आज तीनशेच्या वर जाती माहीत आहेत. वासावरून अळंबी शोधतात, मग अंडी, अळी, कोष सगळं त्या एकाच छत्रीत, तिचा भुगा होईपर्यंत पिढ्यान्पिढ्या तिथेच. खाली पडलेला तुकडा बरणीत ठेवा, तोंडाला मलमलचं कापड बांधा, दहापट दाखवणारं भिंग घ्या आणि भुंगेरे बाहेर आले की पांढऱ्या कागदावर ओतून बघा, शिंगं तिलाच आधी दिसतील.