गव्यावर चार ओळी लिहिण्याआधी

सदाशिव पेठ, पुणे ३०

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू लिहून पाठवलेले सगळे छोटे विनोदी तुकडे वाचले, काही दोनदा वाचले. सोसायटीच्या ग्रुपवरचा तुकडा मला फार आवडला. टँकरचे पैसे कुणी भरायचे यावरून रात्री अकरापर्यंत भांडणारी माणसं सकाळी सहाला एकमेकांना गुलाबाच्या फुलासह ‘शुभ सकाळ’ पाठवतात, हे तू नेमकं टिपलंस. त्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या आजोबांबद्दलचं वाक्य वाचून तर मी थांबलोच. त्यांचं फूल आलं की बंगळुरूतल्या मुलीला कळतं, बाबा उठले, बरे आहेत. ते वाचल्यावर तुझ्याबद्दल मला खात्री वाटली आणि म्हणूनच हे पत्र एवढं सविस्तर लिहितो आहे.

बातम्यांवरचे तुकडे तसे उतरलेले नाहीत. आजोबा तुला माहीत होते. बातमीतली माणसं तुला माहीत नसतात, आणि ती माहीत करून घेण्याआधीच तू लिहायला बसतेस. मथळा वाचून जो विनोद पहिल्यांदा सुचतो, तो तोच मथळा वाचलेल्या हजार जणांनाही सुचलेला असतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर विचित्र बातम्यांच्या चौकटी लावण्यात माझी बरीच वर्षं गेली. दोन ओळींची गंमत म्हणून आलेल्या बातमीमागे कुणाची तरी मोठी आपत्ती असते, हे तिथे सारखं दिसायचं.

तुझा गव्यावरचा तुकडा घे. ‘कोथरूडला वन बीएचके बघायला आला होता’ असं तू लिहिलं आहेस. ते घडलं तेव्हा तू शाळेत होतीस, म्हणून काय झालं ते सांगतो. ९ डिसेंबर २०२० ची सकाळ. कोथरूडच्या महात्मा सोसायटीच्या परिसरात फिरायला निघालेल्या लोकांना गवा दिसला. गवा हा सह्याद्रीच्या जंगलातला, कळपात राहणारा, गवत आणि पाला खाणारा प्राणी. राधानगरी-दाजीपूरचं अभयारण्य त्याच्यासाठीच ओळखलं जातं. त्या दिवशी तो एकटा होता, वाट चुकलेला होता आणि चहूबाजूंनी कंपाउंडच्या भिंती होत्या. फोनवरून खबर पसरली आणि बघ्यांची ही गर्दी झाली. तो बुजला, धावत सुटला, भिंतींवरून उड्या मारत राहिला. तेव्हाच्या चित्रफितींत त्याचं तोंड रक्ताळलेलं दिसतं. वनखात्याच्या लोकांना एकीकडे गवा आवरायचा होता आणि दुसरीकडे माणसं. काही तासांच्या धावपळीनंतर भुलीचं इंजेक्शन देऊन त्याला पकडलं, आणि पकडल्यानंतर तो मेला.

असं का होतं, हेही समजून घे. जंगली जनावर जिवाच्या आकांताने पळत राहिलं की त्याचं अंग प्रचंड तापतं, स्नायूंच्या पेशी फुटू लागतात, रक्तात आम्ल वाढतं आणि शेवटी हृदय किंवा मूत्रपिंड दगा देतं. वन्यजीवांचे डॉक्टर याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. बाहेरून फारशी जखम नसतानाही जनावर दगावतं ते यामुळे. त्यामुळे पाठलाग जितका लांबतो, तितकी त्याच्या वाचण्याची आशा कमी होत जाते. म्हणूनच, गर्दी नुसती बघत होती असं म्हणून चालत नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २२ डिसेंबरला, पाषाण-बावधनच्या बाजूला पुन्हा एक गवा दिसला. या वेळी लोकांना लांब ठेवलं, रस्ते अडवले, त्याला जायला वाट मोकळी ठेवली आणि तो जंगलाकडे परत गेला. शहर तेच, वनखातंही तेच. मला विचारशील तर सगळ्यात लिहिण्यासारखं हेच आहे, पण पहिल्या गव्याच्या मानाने दुसऱ्याची आठवण फार थोड्यांना आहे. तुला विनोद करायचाच असेल तर हात उंच करून, फोन धरून भिंतीवर चढलेल्या माणसांवर कर. त्यांच्यावर जरूर हस. आपल्या घराजवळ आलेल्या जिवाकडे चित्रफितीचा ऐवज म्हणून बघणं हे खरोखर हास्यास्पद आहे, आणि ते तितक्याच जोराने सांगायला हवं.

लोणारवरचा तुकडा लहान आहे, त्याबद्दल थोडक्यात लिहितो. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, त्यावर ‘तळ्याने रंगपंचमी खेळली’ हे तुझं वाक्य ठीक आहे. पण त्या पाण्याचे नमुने तपासले गेले ते आपल्याच पुण्यात, आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत. बाष्पीभवनाने पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मीठ मानवणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले. प्रयोगशाळेत ते पाणी न हलवता ठेवलं, तर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी पुन्हा नितळ झालं. ही गोष्ट रंगपंचमीपेक्षा कितीतरी सुरस आहे. तू तिथून बसने वीस मिनिटांवर राहतेस!

आता ज्या तुकड्याने मला खरंच वाईट वाटलं, त्याकडे येतो. निवृत्त प्राध्यापकांना ‘डिजिटल अरेस्ट’ करून लुबाडल्याची बातमी. तू लिहिलंस, ‘आयुष्यभर लेक्चर दिली, आता दिवसभर ऐकावं लागलं.’ वाक्य चटपटीत आहे, ते मी नाकारत नाही. पण त्या खोलीत काय चाललेलं असतं ते डोळ्यांसमोर आण. फोन येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुमच्या आधार कार्डावर काळ्या पैशाचं खातं आहे. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर राजमुद्रा, टेबलावर फाइली. कॅमेरा बंद करायचा नाही, दार उघडायचं नाही, मुलाला सांगितलंत तर त्यालाही आत टाकू. स्वच्छतागृहात जायलासुद्धा परवानगी मागावी लागते. आणि मग पडताळणीसाठी म्हणून सगळी ठेव ‘सरकारी खात्यात’ भरायची, चौकशी झाली की परत मिळेल. ज्या पिढीने पोलीस ठाण्याची पायरी न चढण्यातच अब्रू मानली, तिला बरोबर त्याच अब्रूच्या भीतीने धरलं जातं. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक नावाचा प्रकारच नाही, पण त्या क्षणी हे सांगायला शेजारी कुणी नसतं, कारण पहिली अट तीच असते.

असे पैसे खात्यातून गेल्यावर भराभर पुढच्या खात्यांत वळवले जातात. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार केली, तर वाटेत अडकवता येण्याची शक्यता असते. दोन दिवसांनी केली, तर फार थोडी उरते. माणसं दोन दिवस का थांबतात? लोक हसतील म्हणून. ‘एवढा शिकलेला, आणि कळलं नाही?’ हा प्रश्न ऐकायला लागू नये म्हणून. तुझा तुकडा तोच प्रश्न विचारतो. अशा सापळ्यात अडकलेला कुणी तो वाचेल आणि फोन उचलायचा हात मागे घेईल, एवढी ताकद चार ओळींत असते. ती तुझ्या चार ओळींत आहे, म्हणून तर मला काळजी वाटते.

आणि आता न वाचता संदेश पुढे पाठवण्याबद्दल. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारलं. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या काळात फोनाफोनी फिरत होते. देशभर गाजलेली एक चित्रफीत तर कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती, फक्त मूल परत आणून सोडतात तो शेवट कापलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. ‘विचित्रच आहे, म्हणून पाठवतोय’ असं लिहून तू मला जे व्हिडिओ पाठवतेस, ते मी उघडतो, पण पुढे कधीच पाठवत नाही. तूही पाठवू नकोस. चित्रफितीचा शेवट कुठे आहे, हे आधी शोध.

आता काम सांगतो. गव्याचा तुकडा दुसऱ्या गव्यापासून सुरू करून लिही. लोणारचा तसाच राहू दे, फक्त प्रयोगशाळेतलं पाणी त्यात आण. प्राध्यापकांचा काढून टाक, आणि सायबर पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार द्यायला आलेल्यांच्या बाकावर अर्धा तास बस. कुणाचं नाव विचारू नकोस, फोटो काढू नकोस. कुणी बोललं तर ऐक, नाही बोललं तर परत ये. मग नव्याने लिही, हसू आलं तर तेही येऊ दे. रविवारी दहानंतर मी घरीच आहे, कागद घेऊन ये.

तुझा
काका