कर्तन बल मोजण्याआधी

डायनॅमोमीटरकडे (बल मोजणाऱ्या उपकरणाकडे) वळण्यापूर्वी लेथवरच्या साध्या टर्निंगचे गणित आपण एकदा कागदावर करून पाहावे. माइल्ड स्टीलसाठी विशिष्ट कर्तन बल (कापाच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरला लागणारे बल) ढोबळमानाने २००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरल्यास, २ मिमी खोलीचा काप आणि दर फेऱ्याला ०.२ मिमी फीड (टूलची पुढे सरक) असताना मुख्य बल सुमारे ८०० न्यूटन येते, आणि १२० मीटर प्रति मिनिट वेगाला त्यासाठी १.६ किलोवॅट शक्ती लागते. येथे मिनिटांचे सेकंद करायला नवखे हमखास विसरतात (मीही विसरलो होतो).

दुसरी चूक अधिक फसवी आहे: फीड निम्मे केले म्हणून बल निम्मे होत नाही, कारण चिप (कापून निघणारी धातूची पट्टी) पातळ झाली की विशिष्ट बल वाढते. सुरुवातीच्या मोजण्या नव्या धारेच्या टूलवरच घ्याव्यात. मर्चंटचे वर्तुळ (कर्तन बलाचे घटक दाखवणारी आकृती) तूर्त राहू द्या.