चार्जर लावताच व्होल्टेज का पडते?

प्रश्न : आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. मीटर घराच्या मागच्या बाजूला असून तेथून पोर्चपर्यंत सुमारे ३० मीटर वायर ओढलेली आहे. इलेक्ट्रिक कारचा १५ अँपिअरचा चार्जर संध्याकाळी लावला की व्होल्टेज २०८ वरून १७६ वर येते, हॉलमधला पंखा मंदावतो आणि थोड्याच वेळात चार्जिंग बंद पडते. मध्यरात्रीनंतर व्होल्टेज २३० वरून १९८ वर येते, पण गाडी पूर्ण चार्ज होते. दुकानदार स्टॅबिलायझर घ्या म्हणतात. घ्यावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तूर्त घेऊ नये. आपण दोन्ही वेळचे आकडे टिपून ठेवले हे फार चांगले केले, कारण निदान त्यांतच आहे. संध्याकाळी असो वा मध्यरात्री, चार्जर लावताच ३२ व्होल्टच कमी होतात. उन्हाळ्यात घरोघरी कूलर सुरू असताना संध्याकाळी मुळातच २०८ व्होल्ट येणे ही बाहेरच्या लाइनची अडचण आहे. परंतु ही ३२ व्होल्टची घट आपल्या चार्जरच्या लोडमुळे होते आणि तिचे कारण बहुधा आपल्या घरात किंवा खांबावरून मीटरपर्यंत आलेल्या वायरीत असावे.

पोर्चची तांब्याची वायर २.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर ३० मीटर अंतरात १५ अँपिअरला सुमारे ७ व्होल्टच पडतील. उरलेले २५ व्होल्ट कोठे जातात, हा खरा प्रश्न आहे. शिवाय पोर्चच्या वायरीवर नसलेला हॉलमधला पंखाही मंदावतो, त्यामुळे एकट्या पोर्चच्या वायरीला दोष देऊन भागणार नाही. कटआउट (फ्यूजची बैठक), मेन स्विच किंवा मीटरजवळचा सैल जोड यांवर माझा पहिला संशय आहे. ३२ व्होल्ट आणि १५ अँपिअर म्हणजे ४८० वॅटची उष्णता वाटेतच निर्माण होते. त्यातील मोठा भाग एखाद्याच स्क्रूपाशी एकवटला, तर इन्सुलेशन तपकिरी पडून वितळू लागते आणि आग लागण्याचा धोका असतो.

परवानाधारक वायरमनकडून चार्जर चालू व बंद असताना मीटरपाशी आणि सॉकेटपाशी, अशी चार मोजमापे करून घ्यावीत. मीटरपाशीच मोठी घट दिसली तर दोष मीटरच्या आधी, म्हणजे सर्व्हिस वायर (खांबावरून मीटरपर्यंतची वायर), तिचे जोड किंवा लाइन यांत आहे आणि ते काम वीज कंपनीचे आहे. मीटरपाशी व्होल्टेज टिकून सॉकेटपाशी पडत असेल, तर दोष घरातील वायरिंगमध्ये आहे. मेन बंद करून प्रत्येक टर्मिनल तपासावे, काळवंडलेले सॉकेट बदलावे आणि चार्जरसाठी मीटरपासून स्वतंत्र ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरची वायर व एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप बंद होणारा स्विच) घ्यावी.

स्टॅबिलायझर १७६ चे २३० करताना लाइनमधून १५ ऐवजी सुमारे २० अँपिअर ओढतो. त्यामुळे सैल जोड अधिकच तापतो आणि दोष झाकला जातो.

दुरुस्ती होईपर्यंत चार्जर किंवा गाडीत सोय असल्यास प्रवाह १० अँपिअरवर ठेवावा आणि चार्जिंग मध्यरात्रीनंतर करावे. मात्र प्लग हाताला गरम लागत असेल, तर चार्जिंग थांबवावेच. संध्याकाळच्या २०८ व्होल्टबद्दल १९१२ या क्रमांकावर वेगळी तक्रार नोंदवावी व त्याच वेळी मंजूर भार (वीज कंपनीने आपल्या जोडणीला मंजूर केलेली किलोवॅटची मर्यादा) पाहून घ्यावा, कारण एकटा चार्जरच सुमारे ३.३ किलोवॅट घेतो. चार्जर चालू असताना काही दिवे मंद आणि काही एकाएकी प्रखर झाले, तर न्यूट्रल (वीज परतीची तार) सुटत आहे असे समजून मेन लगेच बंद करावा.